पंप, यूपीएस, झटका मशीन: बारा व्होल्टच्या सीलबंद बॅटरीचं चार्जिंग आणि निगा

मृग लागला, सोयाबीन-कपाशी चार पानांवर आली की कृषी केंद्राच्या काउंटरवर ठरलेलं बोलणं ऐकू येतं. "भाऊ, पंप दीड टाकीत बसतो. बॅटरी दाखवा नवी." पंप गेल्याच हंगामात घेतलेला असतो. शेवटची फवारणी झाली तेव्हा बॅटरी उतरलेली होती, तशीच ती पंपात राहिली आणि पंप पत्र्याच्या खोलीत गेला. फेब्रुवारी ते मे तिकडे कोणी फिरकलं नाही. फवारून फवारून खराब झालेल्या बॅटऱ्या मी फार कमी पाहिल्यात. बहुतेक बॅटऱ्या उतरलेल्या अवस्थेत, उन्हाळ्यात, पडून पडून मरतात. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणींचा जीव चुकीचा चार्जर घेतो. या दोन गोष्टी सांभाळल्या तर बॅटरीची बाकी निगा किरकोळ आहे.

फवारणी पंपातली १२ व्होल्ट ८ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) काळी वीट, कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली ७ एएचची, इमर्जन्सी दिव्यातली, शेताच्या तारकुंपणात झटका सोडणाऱ्या झटका मशीनची, कमी वेगाच्या ई-स्कूटरमधल्या चार-पाच मोठ्या बॅटऱ्या, सगळ्या एकाच जातीच्या. म्हणजे शिसं आणि गंधकाम्ल, पण आम्ल मोकळं नाही. ते काचेच्या तंतूंच्या कापडात शोषलेलं असतं किंवा जेलमध्ये बसवलेलं असतं. लेबलवर एसएलए, व्हीआरएलए, एसएमएफ, एजीएम यांपैकी काहीतरी लिहिलेलं असतं.

सुरू करण्याआधी एक खात्री करून घ्या. अलीकडच्या अनेक पंपांत लिथियम बॅटरी येते. ती हातात घेतली की हलकी लागते आणि लेबलवर बहुधा ११.१ किंवा १२.८ व्होल्ट असा आकडा असतो. या लेखातलं काहीही तिला लागू नाही, आणि दोघींचे चार्जर आपसात कधीही बदलायचे नाहीत.

आत काय चालतं, थोडक्यात

आत प्रत्येकी दोन व्होल्टचे सहा कप्पे असतात. बॅटरी उतरते तेव्हा कप्प्यातल्या शिशाच्या दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि आम्ल पातळ होतं. चार्जिंगमध्ये हाच थर विरघळून पट्ट्या पुन्हा मोकळ्या होतात. थर ताजा असताना सहज जातो. आठवडे-महिने तसाच राहिला की त्याचे मोठे, टणक स्फटिक होतात आणि मग ते चार्जिंगने सुटत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

दुसऱ्या बाजूने, व्होल्टेज जास्त दिलं तर आतलं पाणी फुटून ऑक्सिजन आणि हायड्रोजन तयार होतो. नेहमीच्या चार्जिंगमध्ये सुटणारा ऑक्सिजन दुसऱ्या पट्टीवर पोचून परत पाणी बनतो, म्हणूनच या बॅटरीत पाणी टाकावं लागत नाही. पण वायू वेगाने बनायला लागला तर आतला दाब वाढतो, झाकणाखालचे रबरी व्हॉल्व्ह उघडतात आणि वायू बाहेर जातो. गेलेलं पाणी परत येत नाही. कमी चार्ज ठेवली तर सल्फेट, जास्त चार्ज केली तर कोरडी, अशी ही दुहेरी अडचण आहे.

पहिलं अवजार मल्टीमीटर

दोन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर पुरे. नॉब डीसी २० व्होल्टवर, काळी प्रोब 'COM' लिहिलेल्या भोकात, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात. लाल प्रोब चुकून १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरीला टेकवली तर तो सरळ शॉर्ट सर्किट असतो. ठिणगी उडते, प्रोबचं टोक वितळतं. मोजण्याआधी लाल वायर कुठे खोचली आहे ते बघायची सवय लावून घ्या.

चार्जरवरून काढल्या काढल्या घेतलेलं रीडिंग फसवं असतं, ते फुगलेलं येतं. चार-पाच तास, जमल्यास रातभर, बॅटरी सुटी राहू द्या आणि मग मोजा:

- १२.८ किंवा वर: पूर्ण भरलेली
- १२.५ च्या आसपास: पाऊण
- १२.२ ते १२.३: अर्धी
- १२.० : पाव
- ११.८ आणि खाली: उतरलेली, आजच चार्जिंगला लावा

कंपनीप्रमाणे यात एखाद्या दशांशाचा फरक पडतो. हे आकडे चांगल्या बॅटरीचे आहेत. खराब बॅटरीसुद्धा १२.९ दाखवू शकते, तिचं पुढे बघू.

चार्जिंग: व्होल्टेज आणि करंट, दोन्हींना लगाम

चांगला चार्जर तीन टप्प्यांत काम करतो.

पहिल्या टप्प्यात करंट ठरलेला असतो आणि व्होल्टेज हळूहळू चढतं. करंट किती हवा याचा हिशेब सोपा: एएचच्या आकड्याचा दहावा ते पाचवा भाग. ८ एएचला ०.८ ते १.६ अँपिअर, ७ एएचला ०.७ ते १.४. बहुतेक कंपन्यांची कमाल मर्यादा एएचच्या ३० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ८ एएचला २.४ अँपिअर. लेबलवर 'इनिशियल करंट' म्हणून हाच आकडा छापलेला असतो. गॅरेजमधल्या दहा-वीस अँपिअरच्या चार्जरला ही बॅटरी लावू नका. "अर्ध्या तासात करून देतो" असं कोणी म्हणालं तरी नको.

दुसऱ्या टप्प्यात व्होल्टेज १४.४ ते १४.७ वर थांबतं आणि करंट आपोआप कमी होत जातो. रोज उतरणाऱ्या बॅटरीसाठीचं हे व्होल्टेज आहे, लेबलवर 'सायकल यूज' पुढे १४.४ ते १५.० असं काहीसं लिहिलेलं असतं. त्यातलं खालचं टोक धरा. आपल्याकडच्या उष्णतेत वरचं टोक परवडत नाही.

करंट एएचच्या दोन-तीन टक्क्यांवर, म्हणजे ८ एएचला ०.२ अँपिअरच्या खाली आला की बॅटरी भरली. मग तिसरा टप्पा: व्होल्टेज १३.५ ते १३.८ वर उतरतं. याला फ्लोट म्हणतात. या व्होल्टेजवर बॅटरी दिवसचे दिवस लावून ठेवता येते, यूपीएसमध्ये ती वर्षानुवर्षं अशीच असते.

वेळेचा अंदाज घ्या. पूर्ण उतरलेली ८ एएचची बॅटरी सव्वा अँपिअरवर लावली तर पहिल्या पाच-सहा तासांत ती साधारण ८० टक्के भरते. उरलेल्या २० टक्क्यांना जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, कारण करंट घटत जातो. इथेच लोक घाई करतात. सकाळी फवारून आले, दुपारी दोन तास लावली, पुन्हा शेतात नेली, असं आठ-दहा दिवस चाललं तर तो वरचा भाग कधीच भरत नाही आणि तेवढ्या भागात सल्फेट घट्ट होत जातं. घाईच्या दिवसांत दुपारचा अर्धा चार्ज चालेल, पण रोज रात्री तरी पूर्ण करा. चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावर आणखी दोनेक तास राहू दिली तर उत्तम. हिरवा दिवा म्हणजे फक्त करंट ठराविक मर्यादेखाली गेला, एवढंच.

उन्हाळ्याचा हिशेब

वरचे सगळे आकडे २५ अंश सेल्सिअसचे आहेत. तापमान वाढलं की व्होल्टेज कमी करावं लागतं: १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे चार्जिंगच्या व्होल्टेजमध्ये सुमारे ०.०३ आणि फ्लोटमध्ये सुमारे ०.०२ व्होल्ट. अकोल्यात मे महिन्यात खोलीत ४२ अंश असतील तर फरक १७ अंशांचा झाला. १४.५ च्या जागी १४.० पुरे, आणि फ्लोट १३.६ च्या जागी १३.३ च्या जवळ. पंपासोबतच्या साध्या चार्जरला हे काही कळत नाही, तो आपले १४.५ देतच राहतो.

म्हणून उन्हाळ्यात रात्री चार्ज करा, फरशीवर, वारा असेल तिथे. उन्हात तापून आलेल्या पंपाला लगेच चार्जर लावू नका, तासभर सावलीत निवू द्या. चार्ज होताना बॅटरी कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल इतकी तापली तर चार्जर काढा. गरम बॅटरी जास्त करंट ओढते, जास्त करंटने ती आणखी तापते आणि शेवटी डबा फुगतो. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. ती गेली.

तापमानाचा फटका आयुष्यालाही बसतो. २५ अंशांच्या वर दर १० अंश वाढीला आयुष्य साधारण निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. पुण्यात तीन वर्षं चालणारी यूपीएसची बॅटरी चंद्रपुरात बंद कपाटात दीड वर्षात का बसते, याचं उत्तर यात आहे.

चार्जरवर विश्वास ठेवू नका, मोजा

पंपासोबत येणारा किंवा बाजारात सुटा मिळणारा चार्जर १४.५ देतो की १५.५, हे लेबल सांगत नाही. एका संध्याकाळचं काम आहे:

१. बॅटरी चार्जिंगला लावा आणि मीटर बॅटरीच्या टोकांवर लावा. चार्जरच्या पिनवर लावू नका. सुरुवातीला १२.५ ते १३.५ दिसेल आणि हळूहळू चढेल.

२. दिवा लाल असताना, शेवटाकडे, व्होल्टेज कुठे थांबतं ते लिहून ठेवा. १४.२ ते १४.७ च्या मध्ये थांबलं तर चार्जर चांगला.

३. १५ च्या वर गेलं तर तो चार्जर बाजूला ठेवा. बॅटरी कोरडी करणारे चार्जर हेच.

४. दिवा हिरवा झाल्यावर पुन्हा मोजा. १३.८ किंवा खाली आलं तर रात्रभर विसरलात तरी चिंता नाही. १४.४ वरच राहिलं तर हिरवा झाल्यावर दोन तासांत काढायची शिस्त हवी.

५. १३.८ च्या पुढे कधीच जात नसेल तर तो फ्लोट चार्जर आहे. वाईट नाही, फक्त मंद आहे. पूर्ण चार्जला दिवस-रात्र लागेल.

जुन्या लॅपटॉप अडॅप्टरचा चार्जर

सोल्डरिंग येत असेल त्यांच्यासाठी हा भाग. बाकीच्यांनी सरळ पुढच्या मुद्द्यावर जावं.

घरोघरी पडलेला १९ व्होल्टचा लॅपटॉप अडॅप्टर आणि एक्सएल४०१५ नावाचं छोटं मॉड्यूल (करंट आणि व्होल्टेज दोन्ही मर्यादित करणारं, म्हणजे दोन स्क्रू असलेलं घ्या) एवढ्यात बाजारातल्या बऱ्याच चार्जरपेक्षा भरवशाचा चार्जर होतो.

अडॅप्टरची वायर मॉड्यूलच्या 'इन' बाजूला जोडा, प्लस-मायनस मीटरने तपासून. 'आउट' बाजूला काहीही न जोडता मीटर लावा आणि व्होल्टेजचा स्क्रू फिरवा. हा स्क्रू बरेच फेरे फिरतो; सुरुवातीला आठ-दहा फेरे फिरवूनही आकडा हलत नाही आणि वाटतं मॉड्यूल खराब आहे. फिरवत राहा, आकडा एकदम हलायला लागतो. मग सावकाश १४.४ वर आणा.

आता करंट. आधी करंटचा स्क्रू बऱ्यापैकी कमी बाजूला फिरवून घ्या. मीटर १० अँपिअरवर, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात, आणि दोन्ही प्रोब थेट मॉड्यूलच्या आउटवर. इथे शॉर्ट चालतो, कारण मॉड्यूल करंट अडवतं. स्क्रू फिरवून ०.८ ते १ अँपिअर करा. झालं की लाल प्रोब आधी व्होल्टच्या भोकात परत.

बॅटरीकडच्या प्लस वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज आणि एक शॉटकी डायोड टाका. डायोड नसेल तर लाइट गेल्यावर बॅटरीच उलट मॉड्यूलला वीज पुरवत बसते. डायोडमध्ये तीनेक दशांश व्होल्ट खर्च होतात, म्हणून शेवटचं बारीक सेटिंग बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून, चार्जिंग संपत आलं असताना करा.

हा चार्जर आपणहून फ्लोटवर उतरत नाही. लक्ष ठेवणारं कोणी घरात असेल तर १४.४ ठेवा. तुम्ही विसराळू असाल तर १३.७ वर सेट करा आणि चोवीस तास लावून ठेवा. मला दुसरा पर्याय जास्त आवडतो. वेळ जातो, पण बॅटरी शाबूत राहते.

पंप चालवताना

८ एएच हा आकडा वीस तासांच्या हिशेबाने दिलेला असतो: ०.४ अँपिअर, वीस तास. पंपाची मोटर दोन-तीन अँपिअर ओढते. इतक्या वेगाने उपसलं की बॅटरी सगळी क्षमता देत नाही. अडीच अँपिअरला सव्वादोन-अडीच तास, म्हणजे सहा एएचच्या आसपास मिळतात. त्यामुळे "आठचे आठ मिळत नाहीत, फसवलं" अशी तक्रार लगेच करू नका.

कुठे थांबायचं? मोटर चालू असताना पंपावरचं व्होल्टमीटर ११ दाखवायला लागलं की हातातली टाकी संपवा आणि घरी चला. १०.५ ला जागेवर बंद करा. बंद केल्यावर आकडा परत १२ च्या जवळ जाईल. "बघा, अजून आहे" असं वाटून पुन्हा चालू केलं की जे उरलंसुरलं उपसलं जातं ते बॅटरीला सगळ्यात महाग पडतं. दर वेळी तळापर्यंत उतरवली तर अशी बॅटरी साधारण २०० ते २५० वेळा साथ देते, निम्म्यावर थांबलात तर ४०० ते ५०० वेळा. ज्यांना दिवसाला दहा-बारा टाक्या मारायच्या असतात त्यांनी १२ एएचची घ्यावी किंवा दुसरी बॅटरी जवळ ठेवावी.

रेग्युलेटरचा नॉब गरजेपुरताच ठेवा. गाळणी आणि नोझल साफ असेल तर मोटर कमी करंट ओढते. औषधाचं पाणी पंपातल्या बॅटरीच्या खणात झिरपतं आणि टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, लग (वायरीच्या टोकाची टर्मिनलवर बसणारी धातूची पट्टी) घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावा. सैल लगमध्ये व्होल्टेज वाया जातं आणि दोष बॅटरीवर येतो.

चार्जिंगची जागा कडब्याजवळ, औषधांच्या खोलीत किंवा बंद पेटीत नको. व्हॉल्व्हमधून थोडा हायड्रोजन सुटू शकतो, त्याला हवा हवी. बॅटरी आडवी चालते. उलटी ठेवून चार्ज करू नका.

पडून असताना

हा सगळा लेख वाचायचा कंटाळा आला असेल तर एवढं वाचा.

हंगामातली शेवटची फवारणी झाली त्याच रात्री बॅटरी पूर्ण चार्ज करा. उद्या नाही. मग पंपातून कनेक्टर सुटा करा, कारण पंपावरचं डिस्प्ले किंवा दिवा बंद वाटला तरी थोडा थोडा करंट खात असू शकतो. बॅटरी पुसा, कागदी चिकटपट्टीवर तारीख लिहून लावा आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. पत्र्याची खोली सोडून कुठेही. देवघराच्या फडताळाखाली ठेवली तरी हरकत नाही.

पडून असलेली बॅटरी २५ अंशांना महिन्याला सुमारे तीन टक्के आपोआप उतरते. दर १० अंशांना हा वेग जवळपास दुप्पट होतो, म्हणजे एप्रिल-मेमध्ये भरभर. थंडीत तीन-चार महिन्यांनी, उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांनी एकदा रातभर चार्ज करा, किंवा मोजून १२.५ ला आली की करा. तारखा लक्षात राहत नसतील तर होळी, आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि मृगाच्या आधीचा रविवार धरा. तीन रात्री, एवढाच खर्च.

सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, हे मात्र खरं नाही. प्लास्टिकच्या डब्यातून फरशीत काही जात नाही. लाकडी पाटावर ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, पण चार्ज केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

झटका मशीन आणि सोलर

१२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं सोलर पॅनल प्रत्यक्षात काम करताना १७-१८ व्होल्ट देतं, आणि काही न जोडता मोजलं तर २१-२२ दाखवतं. ते थेट बॅटरीला जोडलं तर भरलेल्या बॅटरीतही दिवसभर करंट घुसत राहतो. एका उन्हाळ्यात बॅटरी कोरडी. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, आणि त्यावर 'सील्ड' बॅटरीचं सेटिंग हवं. टाकीत पाणी भरायच्या बॅटरीचं नको.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. कंट्रोलर आधी बॅटरी ओळखतो, म्हणून हा क्रम.

एक सेटिंग सहसा कोणी बघत नाही. स्वस्त कंट्रोलर बॅटरी १०.७ व्होल्टला पोचली की लोड तोडतात. पंपासारख्या जड लोडला हा आकडा ठीक आहे. झटका मशीन अगदी थोडा करंट ओढतं, आणि थोड्या करंटवर १०.७ दिसतं तेव्हा बॅटरीत काहीच उरलेलं नसतं. हा आकडा ११.५ वर न्या.

बॅटरी किती मोठी हवी ते मशीनवर लिहिलेल्या करंटवरून काढा. सरासरी ०.२ अँपिअर असेल तर बारा तासांच्या रात्रीला २.४ एएच. श्रावणातले झाकोळलेले तीन दिवस धरले तर ७ एएच लागतील, तेही तळापर्यंत उतरवून. म्हणून १२ एएच घ्या. २० वॅटचं पॅनल कडक उन्हात एक अँपिअरच्या थोडं वर देतं. पावसाळ्यात त्याचा थोडाच भाग मिळतो, तेव्हा १५ दिवसांनी एकदा बॅटरी घरी आणून रातभर चार्ज करणं बरं. मशीनऐवजी घरच्या लाइनचा करंट तारेत सोडणारे अजून आहेत. त्यात माणसं मेलीत, आणि तो गुन्हा आहे.

यूपीएस, इन्व्हर्टर, स्कूटर

यूपीएसला फार काही लागत नाही. भिंतीपासून चार बोटं दूर, उन्हापासून लांब, वर कागदांचा गठ्ठा नको. तीन महिन्यांनी एकदा महत्त्वाचं काम नसताना प्लग काढून किती मिनिटं चालतो ते बघा. वेळ निम्म्यावर आला की बॅटरी बदला. गावाला जाताना मेन स्विच बंद करणार असाल तर यूपीएसही त्याच्या बटणावरून बंद करा.

इन्व्हर्टरला सीलबंद बॅटरी लावली असेल तर मागचा बॅटरी-प्रकाराचा स्विच 'एसएमएफ'वर आहे ना बघा. तो 'ट्यूब्युलर'वर असला तर व्होल्टेज जास्त मिळतं.

स्कूटरमध्ये चार-पाच बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एक अशक्त झाली की ती आधी उतरते, आणि बाकीच्या तिला आणखी खेचतात. पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर प्रत्येकीचं व्होल्टेज वेगळं मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त मागे असेल तिला १२ व्होल्टच्या चार्जरने एकटीला भरून घ्या. तरी मागेच राहिली तर ती बदलावी लागेल, आणि संच जुना असेल तर सगळ्याच. जुन्या चारात एक नवी घातली तर पैसे वाया जातात.

बल्ब टेस्ट

बॅटरी खरंच किती उरली आहे हे व्होल्टेजवरून कळत नाही. ऑटोपार्टच्या दुकानातून मोटरसायकल-कारच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब आणा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. पूर्ण चार्ज केलेल्या, निवलेल्या बॅटरीला तो लावा, घड्याळ बघा आणि टोकांवर १०.५ व्होल्ट होईपर्यंत किती वेळ गेला ते लिहा. नव्या ७ एएचला तीन तासांच्या आसपास, ८ एएचला साडेतीन. दोन तासांच्या खाली आली तर पुढच्या हंगामाचा भरवसा धरू नका. टेस्ट संपली की लगेच चार्जिंगला. बल्बची काच तापते, कपड्यावर ठेवू नका.

याच बल्बने पहिल्याच मिनिटात बरंच कळतं. मोकळी असताना १२.९ आणि बल्ब लावताच सरळ ९ वर कोसळली, तर आत सल्फेट झालंय किंवा ती कोरडी पडलीय. पूर्ण चार्ज करून रातभर ठेवल्यावर १०.५ ते १०.८ वरच अडकली, तर सहातला एक कप्पा शॉर्ट झालाय. तिच्यावर वेळ घालवू नका.

मेलेली उठते का?

कधी कधी, अर्धवट. महिनोन्महिने पडून दोन-चार व्होल्टवर गेलेली बॅटरी चार्जरला लावली की दिवा लगेच हिरवा होतो. भरली म्हणून नव्हे. ती करंटच घेत नाही म्हणून. लॅपटॉप अडॅप्टरच्या चार्जरमधलं मॉड्यूल १४.७ व्होल्ट आणि ०.४ अँपिअरवर सेट करून लावा. पहिले काही तास करंट जवळपास शून्य दिसेल. मग तो हळूहळू वाढला तर आशा आहे. चोवीस तासांत काहीच हललं नाही, किंवा बॅटरी तापायला लागली, तर सोडून द्या. करंट घेऊन ती पूर्ण भरली की बल्ब टेस्ट करा. पुन्हा चार्ज, पुन्हा टेस्ट. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मिनिटं वाढतात. पूर्वीची क्षमता परत येत नाही. अशी बॅटरी गोठ्यातल्या दिव्याला चालेल, पाठीवरच्या पंपाला पुरणार नाही.

झाकण उचकटून डिस्टिल्ड पाणी घालायचा प्रकारही चालतो. कोरड्या पडलेल्या बॅटरीला त्याने थोडे दिवस मिळतात हे खरं. पण रबरी टोप्या नीट बसल्या नाहीत तर आम्ल बाहेर येतं, आणि पंपाची बॅटरी असते पाठीला लागून. तुरटीचं पाणी वगैरे ओतून बॅटरी जिवंत करण्याचे व्हिडिओ पाहण्यापुरते ठीक आहेत.

नवी घेताना, जुनी देताना

दुकानात तीन गोष्टी करा. डब्यावरचा उत्पादनाचा महिना बघा, सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा. मीटरने मोजा, १२.६ च्या खाली नको. आणि वजन करा. ७ एएचच्या प्रामाणिक बॅटरीचं वजन दोन किलोच्या वर भरतं, ८ एएचचं त्याहून जास्त. दीड-पावणेदोन किलोच्या बॅटरीवर ८ एएच छापलेलं असेल तर शिसं कुठेतरी वाचवलेलं आहे. किराण्याच्या काट्यावर ठेवून बघायला दुकानदार खळखळ करतो, करू द्या. घरी आणल्यावर पहिल्या वापराआधी रातभर चार्ज.

जुनी बॅटरी फेरीवाल्या भंगारवाल्याला देऊ नका. तो शिशाच्या लोभाने डबा फोडतो आणि आम्ल नालीत सोडतो. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नवी घेताना बरेच विक्रेते जुनीचे पैसे वजा करून देतात. भाव वजनावर ठरतो, तेव्हा घरून निघताना तीही काट्यावर ठेवा. नेण्याआधी दोन्ही टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लावा. पिशवीत चावी किंवा पाना टेकला तर मेलेली म्हणून बाजूला टाकलेली बॅटरीसुद्धा चांगली ठिणगी पाडते.